उतरवलेली तिसरी तार

मी आज जो काही आहे तो दत्तूआप्पांमुळे. दौंडला त्यांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नकार्यात वाजवणारी छोटी पार्टी आहे. आमच्या केंदूरच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. आप्पांनी मला दुकानाच्या माळ्यावर ठेवून घेतलं, कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली, वर गिटारही शिकवली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आता शिरूरला नोकरी करतो, सुट्टीला आप्पांच्या पार्टीत गिटार वाजवतो. आवाज म्हणजे कंपनं, हे पेपरात लिहून मी मार्क मिळवलेत. भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून जायचो. तरीही हे घडलंय...

मागच्या वर्षी आप्पांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून सिग्नेचर गिटार आणली. म्हणजे एका जगप्रसिद्ध वादकाने कंपनीबरोबर बसून, स्वतःच्या हाताच्या मापाने बनवून घेतलेलं मॉडेल. गर्द निळा रंग, वरच्या टोकाला त्याची सही. कॉलेजात असल्यापासून मी तिचे फोटो बघत होतो. आप्पा ती मलाच देणार, यात मला शंका नव्हती.

त्यांनी ती वैशालीला दिली. वैशाली पाटसची, कंपनीतली शिफ्ट सांभाळून वाजवायला येणारी, पार्टीत जेमतेम आठ महिने झालेली.

"त्या वादकाचा पंजा बारका हाय म्हणं, म्हणून दांडी पातळ केलीय," आप्पा म्हणाले. "हिच्या हाताला बरोबर बसती. तुझी हाय की झकास."

"व्हय आप्पा," मी म्हणालो. त्या दिवसापासून मला तिचं हसणंसुद्धा सहन होईना.

आमच्या पार्टीत एक रीत आहे. तारांची सगळी वाद्यं एकानेच सुरात लावायची. नंतर खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. परत तपासणं म्हणजे लावणाऱ्यावर अविश्वास. आप्पांनी हे काम माझ्याकडे दिलं होतं.

कोरेगाव भीमाला दुपारची हळद होती. मांडवामागे मी सगळी वाद्यं लावली. निळ्या गिटारची तिसरी तार मात्र मुद्दाम अर्धा सूर उतरवली. सुरुवात वैशालीच्या एकटीच्या वाजवण्याने होती.

"दादा, लावली का?"

"लावली."

"मंग मी बघत न्हाई," म्हणत तिने पट्टा खांद्यावर घेतला.

ती वाजवायला लागली — स्वच्छ, सुरात. बोट तिसऱ्या तारेवर गेलं... तीही सुरात! मग मी साथ धरली आणि माझीच तिसरी तार बेसूर बोलली. बरोबर अर्धा सूर खाली. नवरीची मावशी हळदीचा हात कानावर ठेवून ओरडली, "आरं, त्या मागच्याला कुणीतरी जेवायला वाढा, उपाशी दिसतोय!" सगळा मांडव हसला. वैशाली हसली नाही, ते जास्त लागलं.

पंगत बसल्यावर मी दोन्ही गिटारींना सूर मोजायचा ट्यूनर लावून पाहिला. माझी तिसरी तार अगदी बरोबर. तिची अर्धा सूर खाली, मी ठेवली होती तशीच. ट्यूनरचा सेल बदलून पुन्हा पाहिलं — तेच. मोबाईलवर रेकॉर्डिंग आहे; त्यात तिची सुरात, माझी बेसूर. ऊन, केबल, अ‍ॅम्प्लिफायर... सगळं धरून पाहिलं, उत्तर आजही नाही.

चार दिवसांनी मी आप्पांना पत्र पाठवलं. ते असं :

"तीर्थस्वरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

कोरेगावला तुम्ही विचारलंत, 'आज हात कुठं इसरलास रं?' मी डोकं दुखतंय म्हणालो. ते खोटं होतं. वैशालीच्या गिटारची तार मी मुद्दाम उतरवली होती. तरी ती सुरात कशी वाजली, मला माहीत नाही. मला तिला चारचौघांत हसं करायचं होतं, एवढं माहीत आहे.

गिटार मिळाली नाही याचं दुःख कमीच, आप्पा. तिला एखादा तुकडा जमला की तुम्ही मांडीवर थाप मारता. ती थाप फक्त माझी आहे, असं मी धरून चाललो होतो.

वाद्यं लावायचं काम तिच्याकडे द्या. हे पत्र तिला वाचायला द्या. रविवारी पाटसला कार्यक्रम आहे. मला यायचंय, पण ते आता तिला विचारून ठरवा.

तुमचा,
संतोष"