आत्याची बेस गिटार

कुठलंही गाणं लागलं की आमची आत्या गायकाकडे साफ दुर्लक्ष करायची. "वरचं काय, सगळ्यांनाच ऐकू येतं. खाली काय चाललंय ते ऐक," म्हणायची. हे बेस गिटारचं वेड तिला साठी उलटल्यावर, शाळेतली नोकरी संपल्यावर लागलं.

त्याला कारण होतं. तिचे कान जात चालले होते. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझ्या लेकीचं बोलणं. खर्जातले आवाज तेवढे शाबूत होते. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "उरलंय त्यात संसार करायचा," म्हणाली आणि मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली. कान पुरते जायच्या आत काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, भजनाला एकदा साथ करायची आणि ती रेकॉर्ड करून ठेवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

विजेवरची नको, लाकडी पोटाचीच हवी, असा तिचा हट्ट. ती अंगाशी धरली की सूर छातीला कळतो.

"आजी, नातवासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. घरात बिघडायचं माझंच राहिलंय."

मग मंडईत वांगी निवडावीत तशी तिने गिटार निवडली. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं. एकेका पट्टीवर बोट दाबून तार कुठे करकरते का, ते मला ऐकायला लावलं. दुकानदार महागड्या गिटारच्या लाकडाचं कौतुक करायला लागला, तेव्हा म्हणाली, "मला वाजवायची आहे, दिवाणखान्यात मांडायची नाही." शेवटी पाठीवर ओरखडा असलेली, सगळ्यात स्वस्तातली घरी आली. वर्षभर घासून तिने भजनाची साथ बसवली, तोवर कान आणखी गेले होते.

अशा गिटारचा आवाज मुळातच हळू. म्हणून रेकॉर्डिंगला तिने दुपारी एक ते चारची वेळ धरली. त्या वेळात शनिवार पेठेत कुणी कुणाकडे जात नाही. तरी जिन्यात पाटी लागलीच: "आत रेकॉर्डिंग चालू आहे. झोपलेल्यांनी घोरू नये." मी पंखा आणि फ्रीज बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. माईक गिटारच्या भोकासमोर धरला की नुसतं घुमायचं, म्हणून दांडी पोटाला मिळते तिथे ठेवला. काकांना तिच्या पाठीमागे लांब बसवलं. तरी त्यांचा खडा आवाज तिचे सूर गिळतच होता.

काकांनी भजन संपवलं. आत्या वाजवतच राहिली. ते थांबलेत हे तिला कळलंच नाही. मी हात वर करणार, तोच काकांनी मला डोळ्यांनी दटावलं. थोडा वेळ तिचं ऐकलं आणि पुन्हा धृपद उचललं. गात गातच उठून आले आणि शेवटच्या ओळीला त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एका दमात झालं ना?" तिने विचारलं.

मान डोलावत काका म्हणाले, "झालं."

मला फार वाईट वाटलं. मधला तो तुकडा कापून टाकू का, असं मी नंतर काकांना विचारलं. ते नको म्हणाले.

आत्या गेल्या वर्षी गेली. परवा दुपारी गेलो तर काका तेच रेकॉर्डिंग लावून बसले होते. भजन चालू होतं तोवर माझी विचारपूस करत होते. ते संपलं तसा त्यांनी हाताने मला गप्प केलं, आणि त्या तुकड्यातले तिचे सूर संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"बाकी सगळीकडे मीच आहे रे," काका म्हणाले. "ती एवढ्यातच ऐकू येते."