कॅपिटल बराबर हाय

आमच्या शेजारचे सर वडीगोद्रीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन गायी घेतल्या. कुणाच्या तोंडून भांडवलाचा विषय निघाला की शेणाचे हात झटकत ते सुरू व्हायचे, "कॅपिटल शब्दाचं मूळ म्हणजे डोकं. आन कॅटल, म्हणजे गुरंढोरं, हा त्याचा सख्खा भाऊ." मग दोन्ही गायींच्या कपाळावर थाप मारून म्हणायचे, "कॅपिटल बराबर हाय."

गुरांवर लंपीची साथ आली आणि हे सगळं थांबलं. सर तासातासाला गोठ्यात जाऊन गायींचे कान मुठीत धरायचे, ताप बघायचे. गोठ्यावरून जाताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळायला लागले.

त्याच आठवड्यात माझी पोर तापाने फणफणली. भर दुपारी मी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, तेवढ्यात सर आले. त्यांनी सवयीने तिचा कानच धरला. एरवी मी हसले असते. पण त्यांचा चेहरा बघून मी हातातली पट्टी टाकून उठले.

"चला जल्दी. मी गाडी काढून राह्यलो."

अंबडच्या दवाखान्यात पोरीला सलाईन लागलं, तरी ते खाटेजवळून हलले नाहीत. मी विचारलं, "सर, गायी कशा आहेत?"

"एक सकाळी बसली, ती उठलीच न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पोरीचा कान मुठीत धरला.