पुसली न गेलेली पट्टी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. वर्ध्याहून पुण्यात आले होते आणि मांजरी भागात तिघींनी मिळून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत होते. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी एक सीनिअर काम करायची. मी तिला ताई म्हणायचे. रक्त गोठण्याला लगाम घालणारं एक प्रथिन असतं. काही रुग्णांच्या रक्तात ते कमी असतं, हे ताईने चार वर्षं खपून दाखवलं होतं. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता.

पण तिचा शोधनिबंध नियतकालिकाकडून परत आला. परीक्षकाचा एकच प्रश्न होता: तुमची अँटिबॉडी नेमकं हेच प्रथिन पकडते, हे तपासलंत का?

अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटणारा रेणू; ती जिथे चिकटते तिथे नमुन्याच्या चित्रात काळी पट्टी उमटते. तपासायला पेप्टाइड मागवलं. म्हणजे त्याच प्रथिनाचा, प्रयोगशाळेत बनवलेला छोटा तुकडा. तो आधी अँटिबॉडीत मिसळला की तिचे हात भरतात. नमुन्यातलं खरं प्रथिन तिला पकडता येत नाही आणि चित्रातली त्याची काळी पट्टी पुसली जाते. पट्टी राहिलीच, तर ती दुसऱ्याच कशाची तरी.

आलेली कुपी रिकामीच दिसत होती. मी घाबरून आमच्या गाईड मॅडमना दाखवली.

"डोळ्यांना दिसेल एवढं मागवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवा, भुकटी तळाला बसली की मग उघडा. आणि शिंकू नका."

ताईने सांगितलं म्हणून पेप्टाइड मी घातलं. दुपारी चारला आम्ही संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या राहिलो. नुसत्या अँटिबॉडीच्या चित्रात दोन पट्ट्या होत्या: खाली ठळक, वर फिकट. ताईची सगळी मोजमापं खालच्या पट्टीची होती; वरचीला आम्ही कचरा समजायचो. मग पेप्टाइडचं चित्र उमटलं. वरची पट्टी गायब. खालची तशीच, काळीकुट्ट.

"तू पेप्टाइड घातलंस ना नक्की?"

"घातलं, ताई. नाहीतर वरची कशी गेली असती?"

बोलून गेले आणि वाटलं, गप्प बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं स्वतःच्या हाताने केलं. तेच आलं. बराच वेळ ती लॅपटॉपवर ते चित्र लहानमोठं करत राहिली.

"खालचा भाग कापून टाकला तर?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "नुसती वरची दाखवायची. परीक्षकाला पट्टी पुसली गेलेलीच दिसेल."

मला पिपेट धरायला हिनेच शिकवलं होतं. मी फरशीकडे बघत राहिले. 'नको' एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.

थोड्या वेळाने तिने लॅपटॉप उचलला आणि एकटीच मॅडमच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. मॅडमनी दोन्ही चित्रं पाहिली. टोमणा मारला नाही.

"जुने नमुने आहेत?"

"फ्रीझरमध्ये आहेत, मॅडम."

"मग वरची पट्टी मोजा. सगळ्यांची."

त्यात पाच महिने गेले. मीही हाताशी होते. खरं प्रथिनही रुग्णांत कमीच निघालं, पण फरक अगदी थोडा होता. एक अख्खं प्रकरण वगळावं लागलं. प्रबंध वर्षभर उशिरा गेला.

तो जमा केल्यावर, कँटीनमध्ये चहा घेताना मी धीर करून विचारलं, "ताई, त्या दिवशी तू खरंच कापणार होतीस?"

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू तरी अडवशील."