वडिलांचं बॅले आन् मधला अंधार

"काका, कॅसेट तेवढी द्या, पुण्याला नेऊन साफ करून आणते," नाच बसवणारी ती पुण्याची पोरगी म्हणाली, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वडील मुरुमला शाळेत संगीत शिकवायचे. तेरणा नदीवर त्यांनी एक बॅले बसवलं होतं. कुणी नृत्यनाटिका म्हणलं की चिडायचे, बॅलेच म्हणायचं! पेटी, संबळ आन् निळ्या साड्या नेसलेल्या पोरी. त्यातली एक माझी आत्या. प्रयोग झाला एकदाच. त्यातही मधेच लाईट गेली, वाजवणारे थांबले, पोरी घाबरल्या. तेव्हा वडील पडद्याआडून म्हणाले, "पोरींनो, हलू नका. मी हितंच हाय." सेलवरचा टेप चालूच होता, त्यात ते आलं. लाईट आली, नाच पुढं सुरू झाला. वडील गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडं तेवढंच उरलं.

आता ह्या पोरीला तेच संगीत घेऊन नव्या मुली नाचवायच्या होत्या, माघं पडद्यावर कॉम्प्युटरची नदी सोडायची होती. तिनं कॅसेट ऐकली आन् म्हणाली, "मधला गॅप आणि नॉइज काढावा लागेल."

"आमचे वडील नॉइज व्हय?" मी असा ओरडलो की तिच्या हातातला चहा सांडला. मग तिनं टेप माघं नेऊन ती जागा पुन्हा ऐकली. कॅसेट म्या घराबाहेर जाऊ दिली न्हाय. माझ्यासमोर बसून उतरवून घे म्हणलं. ती उतरवत होती आन् मी तिच्या बोटांकडं बघत होतो. काय दाबती, काय पुसती, आपल्याला काय कळतंय डोंबल!

"संशयाला औषध न्हाय बघ," आत्या म्हणाली. "गुणी हाय पोरगी."

"आत्या, तुम्हाला सगळं जगच गुणी दिसतंय."

प्रयोग धाराशिवला होता. आत्या आन् मी पुढंच बसलो. मुलींचा पाय पडंल तिथं उजेडाचं पाणी हलत होतं. झकास होतं, खोटं कशाला बोलू? पण माझं ध्यान त्यात नव्हतं. ती जागा ठेवली का कापली, एवढंच डोक्यात. संबळ चढत गेला आन् एकदम सगळं बंद. पडदा काळा, दिवे न्हायीत, आवाज न्हाय.

कापलंच की! मी ताडकन उठलो, मोबाईलची बॅटरी लावली. "ए बाई! आमचं मधलं कुठं गेलं?" माघून लोक "बसा, बसा" करायला लागले. बसतोय कुठला मी!

तेवढ्यात अंधारातून वडील बोलले.

"पोरींनो, हलू नका. मी हितंच हाय."

टेपची खरखर सुद्धा तशीच ठेवली होती तिनं. मी बॅटरी धरून तसाच उभा. आत्यानं माझा सदरा ओढला. बॅटरीच्या उजेडात म्या तिच्याकडं बघितलं, तर ती पाठ ताठ करून, पापणीसुद्धा न हलवता समोर बघत होती.

"बस की खाली," ती हळूच म्हणाली. "दादा हलू नका म्हणलाय."