समासातला खलाशी

माझ्या वहिनीच्या दाराला दोन बंदोबस्त आहेत. एक लॅचचं कुलूप, बाहेरून किल्लीने उघडणारं. दुसरी वरची लोखंडी कडी, फक्त आतून लागणारी. फेरीबोट उलटली त्या दिवसापासून वहिनीने ती कडी लावली नव्हती. बोटीत अडतीस माणसं होती. कोणीच वाचलं नाही. सदतीस जणांची प्रेतं सापडली. न सापडलेला एक म्हणजे माझा थोरला भाऊ, बोटीवरचा खलाशी. लॅचची किल्ली त्याच्या खिशात होती. कडी लावली तर तो आत कसा येणार, एवढाच वहिनीचा प्रश्न होता.

एकदा मात्र ती मला म्हणाली होती, "भाऊजी, रडायचं की वाट बघायची, एक काहीतरी ठरू दे. दोन्ही एकदम होत नाही माझ्याने."

वहिनी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट यांवर न पुसणाऱ्या शाईने वॉर्डाचे नंबर घालायचे, हे तिचं काम. त्यामुळे हात स्थिर. दादा गेल्यावर (गेल्यावर हा शब्द मी तिच्यासमोर वापरत नसे) दवाखान्याच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली, त्यातलं एक जाडजूड पुस्तक तिने उचलून आणलं. शेकडो वर्षांपूर्वी परदेशातल्या मठांमधून लिहिलेल्या पोथ्यांची आणि लांब गुंडाळ्यांची त्यात रंगीत छायाचित्रं होती. पहिलं अक्षर चार ओळींएवढं उंच, सोन्याने भरलेलं. समासात वेली, वेलींवर ससे, गोगलगायी आणि तोंडं वेंगाडणारी माणसं. वहिनीने ते पुस्तक पाहून पाहून स्वतःच सगळं शिकून घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं आणि चूक काढायलाही कोणी नव्हतं. पहिलं वर्षभर शाई पसरायची आणि सोनं भलतीकडेच चिकटायचं.

"जाऊबाई, कागदापेक्षा तुमचं नाकच जास्त सोन्याचं झालंय," आमची ही म्हणायची.

"असू दे. कागद वाया गेला तर नाक तरी विकता येईल."

सोनं लावण्याची तिची रीत मी अनेकदा पाहिली आहे. खडूची पूड आणि सरस यांचा लेप अक्षरावर थरांवर थर द्यायचा, म्हणजे अक्षर फुगून वर येतं. तो वाळला की कागदाची नळी तोंडात धरायची आणि चष्म्याची काच पुसताना आपण सोडतो तसा गरम श्वास त्या नळीतून अक्षरावर सोडायचा. लेप श्वासाने किंचित ओला होतो. तेवढ्यात सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि गोट्याने घासायचा. गोटा नदीतला होता, दादाने कधीतरी खिशातून काढून खिडकीत ठेवलेला. एका अक्षराला आठ-दहा श्वास लागत. मी मोजत असे, कारण मला मोजण्याची सवय आहे. कारखान्याच्या भांडारात माझी चौतीस वर्षं त्यातच गेली.

हळूहळू तिच्या गुंडाळ्यांचं नाव झालं. दवाखान्यातून कोणी निवृत्त झालं, की हार-नारळापेक्षा वहिनीने लिहिलेल्या मानपत्राची गुंडाळी मागितली जाऊ लागली. मग दुर्घटनेला दहा वर्षं होत आली, तेव्हा धक्कामास्तर तिच्याकडे आले. बोटींच्या धक्क्यावर नवी प्रतीक्षाखोली बांधली होती. तिच्या भिंतीवर मृतांच्या नावांचा पट लावायचा होता. त्या दिवशी मी तिथेच होतो.

"बाई, तुमच्याच हातचा हवा. बाकी कोणाला सांगवत नाही," ते म्हणाले.

"नावं किती?" वहिनीने विचारलं.

मास्तर पायांकडे बघू लागले. "यादी अडतिसांची आहे."

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. तिने यादी हातात घेतली, घडी उलगडली, पुन्हा घातली. मास्तर गेल्यावर म्हणाली, "लिहून टाकते, भाऊजी. माझ्या हाताने त्याचं नाव त्या यादीत गेलं, की मी कडी लावेन. तोवर नाही."

यादीत दादाचं नाव तेविसावं होतं.

ती दुपारी दोनला धुलाईघरातून सुटे आणि उजेड असेपर्यंत खिडकीशी बसून लिहीत असे. आधी कागदाच्या दोन्ही कडांना सुईने टोचे मारायचे आणि समोरासमोरचे टोचे जोडून ओळी आखायच्या, ही तिची पद्धत. आठवड्याने तिने मला तपासायला बोलावलं. मी यादी शेजारी ठेवून एकेक नाव पाहिलं. बाविसाव्यानंतर एकदम चोविसावं नाव आलं होतं.

"दादाचं राहिलं," मी म्हणालो.

तिला पटेना. "राहील कसं? लिहिताना मी थांबले होते तिथे. निब पुसली होती."

मी टोचे मोजले. अडतीस. ओळी मोजल्या. सदतीस. रिकामी जागा कुठेच नव्हती. सगळ्या ओळी सारख्या अंतरावर होत्या, शेवटची ओळ शेवटच्या टोच्यासमोर होती. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मी मोठ्याने मोजलं, आणि मग मोजणं थांबवलं.

पुस्तकात अशा चुकीविषयी लिहिलेलं होतं. नक्कल करणाऱ्याची नजर एका ओळीवरून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीवर घसरते आणि मधलं सुटतं. जुन्या लेखनिकांकडून हे सर्रास व्हायचं. वहिनीने स्वतःची तशीच समजूत घातली आणि नवा कागद घेतला. दहा दिवसांनी दुसरा पट झाला. त्यातही टोचे अडतीस, ओळी सदतीस.

"तुमचे दादा वेळेवर घरी कधी यायचे?" आमची ही म्हणाली. "यादीत तरी कसे येतील?"

वहिनी हसली, पण तिने खिडकीतला गोटा उचलून मुठीत धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

तिसऱ्या खेपेला मी ठरवलं, की हे नीट पद्धतशीर करायचं. समासातल्या वेली आधीच काढून झाल्या होत्या. रविवारी सकाळी मी यादी घेऊन वहिनीसमोर बसलो. ओळीखाली पट्टी धरायची, नाव मोठ्याने वाचायचं, तिने ते लिहिलं की पेन्सिलीने खूण करायची, मगच पट्टी खाली सरकवायची. आमच्या भांडारात माल मोजण्याची हीच रीत आहे आणि ती आजवर कधी चुकलेली नाही. ही शेजारी शेंगा सोलत बसली होती. दीड वाजता संपलं. माझ्या यादीवर अडतीस खुणा होत्या. पटावर सदतीस नावं होती.

"वहिनी, मी वाचलं होतं."

"नाही वाचलंत, भाऊजी."

"असं कसं? ही बघा खूण."

मी बायकोकडे पाहिलं. तिने शेंगा सोलायच्या केव्हाच थांबवल्या होत्या. "तुम्ही तिथे थांबलात," ती म्हणाली. "ओठ हलले. खूण केलीत, पट्टी सरकवलीत. आवाज आला नाही. मला वाटलं तुम्हाला भरून आलं, म्हणून मी गप्प बसले."

पण मला भरून वगैरे काही आलं नव्हतं. मी माझा आवाज माझ्या कानांनी ऐकला होता. आजही विचाराल तर मी तेच सांगेन.

वहिनीने तो तिसरा पट फाडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला पुस्तकातलं एक पान दाखवलं. त्या पानावर जुन्या लेखनिकाची अशीच एक ओळ सुटली होती. त्याने सुटलेली ओळ समासात खाली लिहिली होती, तिला दोर बांधल्याचं चित्र काढलं होतं आणि वर, ती ओळ जिथे हवी त्या जागी, एक छोटा माणूस उभा केला होता. माणूस दोर खेचून ओळ वर ओढत होता.

"दोर ओढणं दादाचंच काम होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर म्हणते."

तिने डाव्या समासाच्या तळाशी दादाचं नाव लिहिलं. या वेळी ते उमटलं. मी शेजारी बसून प्रत्येक अक्षर उमटताना पाहिलं. नावावर सोनं चढवायचं तिने ठरवलं, तेव्हा मी सवयीने श्वास मोजायला लागलो. पहिल्याच श्वासाला सगळं नाव ओलं झालं. एकदम सगळं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. वहिनीने नळी तोंडातून काढून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्ख ठेवला तो जागच्या जागी बसला.

वर बाविसाव्या आणि चोविसाव्या नावांच्या मध्ये तिने लाल टिंब दिलं आणि त्याच्यालगत समासातल्या वेलीवर माणूस काढला, अंगठ्याएवढा. पाठमोरा, निळा सदरा, डावा पाय थोडा बाहेर वळलेला. दादा तसाच उभा राहायचा. त्याच्या हातातून दोर खाली नावापर्यंत गेला होता आणि ओढून झालेला दोर त्याच्या पायाशी वेटोळं होऊन पडला होता. वेटोळ्याचे दोन वेढे.

"झालं ना मग?" मी विचारलं. "आता कडी लावणार?"

"मी लिहायचं होतं तेवढं लिहिलं. वर ओढायचं काम त्याचं. अजून तो यादीत कुठे गेलाय?"

चौकट मी स्वतः केली. मागचा पुठ्ठा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि पट्टीवर चारही कोपऱ्यांत सही केली. चौकटीसाठी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मापं घेतली तेव्हा नावाच्या वरच्या कडेपासून लाल टिंबापर्यंतचं अंतरही डायरीत लिहून ठेवलं. का लिहिलं ते सांगता येणार नाही. एकोणीस सेंटीमीटर.

पट प्रतीक्षाखोलीत लागला. लोक येऊन आपापल्या माणसांच्या नावांवर काचेवरून बोट फिरवत. धक्कामास्तरांनी दादाच्या नावाविषयी काही विचारलं नाही. पुष्कळांना ते सोन्यामुळे बाकीच्यांपेक्षा मानाचं वाटलं.

वर्षाने, दुर्घटनेच्या तारखेच्या आदल्या दिवशी, मी काच पुसायला गेलो. दुपारचे तीन वाजले होते. खोलीत भरपूर ऊन होतं, बोट पलीकडे गेलेली, बाकांवर कोणी नव्हतं. काच पुसताना माझं लक्ष वेटोळ्याकडे गेलं. वेढे तीन होते.

काचेतून मोजताना फसगत होऊ शकते, हे मला मान्य आहे. कागद दमट हवेने ताणतो, आकसतो, हेही मान्य आहे. म्हणून मी चौकट उतरवून बाकावर सपाट ठेवली आणि खिशातली पोलादी पट्टी लावली. नावापासून टिंबापर्यंत सोळा सेंटीमीटर भरले. कागद आकसला म्हणावं, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचं अंतर डायरीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होतं. चौकट उलटी केली. चारही सह्या माझ्याच होत्या, चिकटपट्टी कुठे उचकटलेली नव्हती. नावाच्या खाली, जिथे ते आधी होतं तिथे, कागद कोरा होता. सोन्याचा कणही नाही, पेन्सिलीची रेघही नाही.

"काय झालं? तडा गेला का?" मास्तरांनी दारातून विचारलं.

"नाही, पुसतोय," मी म्हणालो आणि चौकट परत टांगली. टांगताना मी त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहायचं टाळलं. तो आता मान वळवेल असं मला वाटलं होतं. वळवली नाही.

वहिनीला काही सांगायचं नाही, असं मी चालता चालता पक्कं केलं. तिच्या दारात पोचलो, दार नुसतं लोटलेलं होतं, नेहमीसारखं. ती खिडकीशी बसून कोणाचा तरी निरोपाचा पट रंगवत होती. तिने ब्रश खाली ठेवला नाही, मान वर केली नाही.

"किती वेढे झाले, भाऊजी?"

मी चप्पल काढत होतो, तसाच वाकून राहिलो. "तुम्ही गेला होतात का तिकडे?"

"मी कशाला जाते? धुलाईघराला सुट्टी कुठे आहे. किती झाले?"

"तीन."

"आणि उरलं किती?"

"सोळा सेंटीमीटर. आधी एकोणीस होतं."

तिने ब्रश पाण्यात बुडवून धुतला आणि फडक्याला पुसला. "म्हणजे वर्षाला तीन. घाई त्याला कधीच नव्हती." मग म्हणाली, "पण निघालाय. दिशा तर कळली."

मी मनातल्या मनात भागाकार केला. पाच वर्षं आणि वर चार महिने. तोवर मी निवृत्त झालेला असेन. काच पुसायला मीच जाईन, दुसऱ्या कोणाला हे सांगता यायचं नाही.

वहिनी उठून दाराशी गेली आणि टाचा उंचावून वरच्या कडीला हात घातला. कडी हलेना. इतकी वर्षं न वापरल्याने ती गंजून बसली होती.

"शिवणयंत्राच्या खणात तेलाची कुपी आहे, ती द्या," ती म्हणाली.

मी कुपी दिली. तिने तीन थेंब सोडले, कडी मागेपुढे हलवली, पुन्हा एक थेंब सोडला. गंज तिच्या बोटांना लागला.

"अजून पाच वर्षं आहेत, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणाला होतात, यादीत जाईपर्यंत नाही."

"आता बघायची ती वाट वेगळी," ती म्हणाली. "तिला दार उघडं ठेवावं लागत नाही. आता तो इकडे यायचा नाही, भाऊजी. तिकडे चाललाय."

माझा चहा होईपर्यंत ती रडत होती. आवाज न करता, आधण ठेवताना, कप विसळताना. निघालो तेव्हा तिने दार उघडून दिलं आणि माझ्यामागे लावून घेतलं. मी पायरीवर उभा राहिलो. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आधी थोडी अडली, मग पूर्ण बसली.