कुरुळीच्या पोथीचा समास

शुक्रवारी सकाळी चिंचवडमधलं माझं जुन्या पुस्तकांचं दुकान उघडत होतो, तेवढ्यात कुरुळीहून बाळासाहेबांचा फोन आला. "पुस्तक नवंकोरं करायला टाकलंय. तुमी बगायला येनार, फाटकं कसं दाखवायचं?"

त्यांच्या वैद्य पणजोबांचं हे शिळाछापाचं (दगडावरून छापलेलं) औषधांचं पुस्तक. पानोपानी समासात पणजोबांनी स्वतःचे अनुभव लिहिलेले. असं पुस्तक मला वीस वर्षांत मिळालं नव्हतं. आणि बाइंडर आधी कडा कापतो.

शटर ओढून निघालो. मोशीपुढे बस कंटेनरांच्या रांगेत अडकली. शेजारच्या कामगाराला विचारलं, "रोज असंच?"

"आज तर मोकळा आहे रोड, भाऊ," म्हणून त्याने डोळे मिटले. मी मात्र मनातल्या मनात कात्रीचे घाव मोजत बसलो.

बाळासाहेबांनी मला थेट घरामागच्या भाड्याच्या खोल्यांकडे नेलं. तिथे राहणारा लातूरकडचा दत्ता कंपनीत कामाला, आणि गुरुवारी सुट्टी (इथल्या बऱ्याच कंपन्या रविवारी नाही, गुरुवारी बंद असतात), तेव्हा पुस्तकं बांधतो. म्हणजे कालच. मी दारातूनच विचारलं, "कापलंत?"

दत्ता ओशाळला. "माफ करा सर, काल ओव्हरटाइम लागला बघा. हात बी लावला नाही. आज रात्रपाळी आहे, आता बसतो की."

"नको!" मी असा ओरडलो की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.

खाटेखालून पुस्तक निघालं. समास शाबूत! सर्दीच्या काढ्याशेजारी लिहिलं होतं, 'मला गुण आला नाही.' मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. डोळे भरून आले, लपवत नाही.

"ह्ये बी कापलं गेलं आस्तं व्हय?" बाळासाहेब हळूच म्हणाले.

मग शेंगोळी (कुळथाच्या पिठाची, रश्शात शिजवलेली) आणि भाकरी झाली. आधी घरासाठी सगळ्या पानांच्या झेरॉक्स, मग पुस्तक माझं, असं ठरलं. दत्ताने स्वतः झेरॉक्स काढून आणल्या.

परतताना बस पुन्हा अडकली, पण या वेळी माझी काही तक्रार नव्हती. पुस्तक मांडीवर होतं. वाळवी आणि उंदरांतून जुनी पुस्तकं वाचतात. माणसांच्या मायेतून वाचणं अवघड.

घरी पोचलो. "अगंबाई, किती मळलंय हे!" बायको म्हणाली. आधी तिच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं, मगच चपला काढल्या.