धाब्याची माती

भागरता गेली त्या दिवशी सकाळी तिनं एकच विचारलं, "पाळीवर माती पडली का?" भागरता म्हणजे माझी बायको. तापानं तिले उठवत नव्हतं, तरी डोळे दाराकडं. मी म्हटलं, "पडंल." "पडंल नाई, पडली का ते सांगा." दुपारी ती गेली. त्याले आता महिना होत आला, अन् माझा पाय घरात ठरत नाही. पातूरच्या डोंगराकडं जरा काळं दिसलं की उठतो, पाळीवर जातो, परत येतो, पुन्हा जातो...

आमी माळी. पाळ म्हणजे आमच्या नाल्यावरचा जुना मातीचा बांध. मागं तळं साठते, त्यावर आमची वांगी-मिरची जगते, अन् पावसाळ्यात डोंगराचं पाणी गावात घुसत नाही. अखजीपासून, म्हणजे अक्षयतृतीयेपासून, मिरगाच्या पावसापर्यंत घराघरानं पाळीवर माती टाकावी, हा गावाचा नेम. बाप्ये खोदत, बाया डोक्यावर वाहत. पण दोन-तीन सालांमागं विलायतेकडं कुठं लढाई लागली, अन् कापसाले असा भाव चढला की माणसं येडी झाली. गाड्या अमरावतीच्या वाटेवर, माणसं गाड्यांमागं. पाळीकडं कोण पाहते? भागरता पाटलाच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिली. पाटील हसून म्हणाले, "भागरता, या भावात माती कोन उचलते वं?" ही म्हणे, "पाटील, तुमचं घर कापसाचं हाय का मातीचं?"

लाजेकाजेनं पाटलानं गडी पाठवले. त्यांनी पाळीतली घुशीची बिळं सरकीच्या पोत्यांनी बुजवली. सरकी भिजली की फुगते, घट्ट बसते म्हणे! फुगली खरी. वळवाच्या दोन सरींत पोती फाटली अन् पाळीवर कापसाच्या पराटीचे कोंब आले. गाव हसलं. मिरगाच्या तोंडावर झड लागली तेव्हा हसू आटलं, कारण पोती कोंबली होती तिथूनच गढूळ पाणी सुटलं, अन् सारं रान चिखल, खोदायले चांगली माती कुठं नाही. होती ती दारादारात. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पावसाआधी चढवायची खारी माती कापसाच्या घाईत चढवायची राहिली होती, घरोघर ढीग झाकून पडले होते. भागरतानं जुन्या लुगड्याची चुंबळ डोक्यावर ठेवली अन् आपलाच ढीग उपसू लागली. मी ओरडलो, "घर गळंल ना वं!"

"गळू द्या. वाहून जान्यापरीस गळनं बरं."

टोपली उचलून चालू लागली. मागं कोणी येते का, तिनं वळून पाहिलं नाही. मी फावडं घेऊन निघालो. मग शेजारीण, मग तिची सून, मग पाटलीणबाई स्वतः... पाळ राहिली. घरं मात्र सारा पावसाळा गळली. आमाले जेवायले कोरडा कोपरा नव्हता. भागरता उतरंडीतली मडकी ठिबकाखाली मांडून म्हणायची, "घ्या, तळं घरातच आलं तुमचं. आता वांगे लावा." मी चिडायचो, मग हसायचो.

तेव्हापासून दर अखजीले ती घरोघर हाका मारत फिरे. लोक शिव्या घालत येत, पण येत. यंदा हाका मारणारी नाही. भाव अजून चढेच आहेत. पाटलाच्या दारी मी चार खेपा घातल्या. "गाड्या परत येऊ दे, मंग पाहू," म्हणतात. डोंगर गाड्यांसाठी थांबतो का? कालपासून तिकडं काळं आहे. एका जागी लिहीत बसणंही मले जमत नाही, पण ती कोण होती हे गावाबाहेरच्यानंही वाचावं, म्हणून बसलो.

तिची चुंबळ समोर खुंटीवर आहे. मध्ये डोक्याच्या तेलाचा काळा डाग, कडेले अजून वाळलेली माती. बाप्या माणसानं चुंबळ ठेवून टोपली वाहिली तर गाव हसते. हसू दे. एवढं लिहून उठतो. यंदाच्या धाब्याची माती दारातच आहे, ती भरतो. पाटील ओसरीवरून विचारतील, "काहून बुढ्या, येडा झाला का?" झालो म्हणीन अन् पाळीची वाट धरीन. मागं कोणी येऊन राहिलं का... वळून पाहणार नाही.